दुबळे हृदय, थकलेली फुप्फुसे आणि भुलीचा पेच

छत्रपती संभाजीनगर / प्रतिनिधी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. ‘पैठण रस्ता, चौदावा किलोमीटर’ हा व्हिडिओकॉनच्या कारखान्याचा पत्ता एकेकाळी देशभर जाणाऱ्या दूरचित्रवाणी संचांच्या खोक्यांना परिचित होता. ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारखान्याच्या भरभराटीच्या दिवसांत कामाला लागलेली पिढी आता साठीला टेकली आहे आणि तिच्या घरातील वडीलधारी मंडळी पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. या वयात न्हाणीत पाय घसरला की मांडीचे हाड खुब्यापाशी मोडते आणि एका कुटुंबाची धावाधाव सुरू होते.

चित्र बहुधा ठरलेले असते. पंचाहत्तरीची आजी, आयुष्यातील चाळीस-पन्नास वर्षे चुलीपुढे गेलेली, त्यामुळे विडीला कधी हात न लावताही छातीत घरघर. मागे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, एक स्टेंट बसविलेला, ‘टू-डी इको’च्या कागदावर पंपिंग ३० टक्के. ही आजी कोणी एक व्यक्ती नव्हे. शहरातील घाटी रुग्णालयात असो की एखाद्या खासगी इस्पितळात, अस्थिरोग विभागात अशी आजी सापडतेच. हाड बसविण्यासाठी शस्त्रक्रिया हवी असते आणि शस्त्रक्रियेसाठी ‘फिटनेस’ मिळत नसतो. मग नातेवाइकांतील एखादा जाणता विचारतो, ‘पूर्ण भूल देऊच नका ना, पाठीत सुई देऊन भागणार नाही का?’

प्रश्न अडाणीपणाचा नाही. गेली सव्वाशे वर्षे वैद्यकशास्त्रही हाच प्रश्न स्वतःला विचारीत आले आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात मावत नाही, कारण ‘पाठीतली सुई’ ही लहान भूल आणि बेशुद्ध करणारी ती मोठी भूल, हा समजच मुळात अर्धवट आहे.

‘फिटनेस’चा अर्थ

‘फिटनेस’ म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निकाल, अशी सर्वसाधारण समजूत असते. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने तो एक तराजू आहे. एका पारड्यात शस्त्रक्रियेचा धोका, तर दुसऱ्या पारड्यात शस्त्रक्रिया न करण्याचा. मोतीबिंदू किंवा न दुखणारा हर्निया काही आठवडे थांबू शकतो. तेवढ्या अवधीत छातीतील कफ कमी करता येतो, हृदयाची औषधे नीट बसविता येतात. खुब्याच्या हाडाचे तसे नाही. हाड न बसविता वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला की फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायातील रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसापर्यंत पोहोचतात. म्हणूनच ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वे अशी शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करण्यास सांगतात. ‘तब्येत जरा सुधारू द्या, मग बघू’ हा सल्ला अनेकदा सावधपणाचा वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवसांत तब्येत सुधारत नाही, खालावते.

म्हणजे ज्याला शस्त्रक्रियेचा धोका सर्वाधिक, त्यालाच ती टाळणे परवडत नाही. भूल कोणती द्यायची याचा विचार खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

पूर्ण भुलीत काय घडते

संपूर्ण भूल देताना रुग्णाला आधी गाढ झोपविले जाते, स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते आणि श्वासनलिकेत नळी घालून श्वासोच्छ्वास यंत्राच्या हाती सोपविला जातो. निरोगी माणसाला यात सहसा काही बाधत नाही. मात्र उताणे झोपून स्नायू सैल पडले की फुप्फुसांचा खालचा, पाठीकडचा भाग मिटतो. हे बहुतेक सर्वांतच घडते; ज्याची फुप्फुसे आधीच निम्म्याने निकामी आहेत त्याच्याजवळ गमावण्याजोगे काही उरलेले नसते, इतकाच फरक. संवेदनशील श्वासनलिकेला नळीचा स्पर्श झाला की ती आकसते आणि दम्याच्या रुग्णाला टेबलावरच धाप लागू शकते. शस्त्रक्रियेनंतर नळी काढावी तर श्वास पुरत नाही, ठेवावी तर जंतुसंसर्गाची भीती, अशी कोंडी अतिदक्षता विभागात नेहमीची आहे.

हृदयाची तऱ्हा वेगळी. नळी घालताना नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात, तर झोपेच्या औषधांनी ते एकदम उतरतात. या दोन टोकांमधील हिंदोळा दुबळ्या हृदयाला सोसत नाही.

भुलीत माणूस दगावतो तो आधी हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, या वादाचा एक गाजलेला अध्याय मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या निजामाच्या राजधानीत लिहिला गेला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते की, क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहावे. श्वास सांभाळला की हृदय आपोआप सांभाळले जाते. १८८८ मध्ये त्यांनी पहिला क्लोरोफॉर्म आयोग नेमविला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ला तो पटला नाही. तेव्हा निजाम महबूब अली खान यांनी खर्चासाठी एक हजार पौंड देऊ केले, ‘लॅन्सेट’ने डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठविले आणि १८८९ मध्ये शेकडो प्राण्यांवर प्रयोग होऊन लॉरींच्याच बाजूने कौल लागला. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदुनजी या जगातील अगदी सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. पुढे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची हलकी मात्रा हृदयाचे ठोके थेट विस्कटवू शकते. हैदराबादचा निष्कर्ष अपुरा ठरला. हृदय आणि श्वास यांपैकी एकावरच डोळा ठेवणे पुरेसे नसते, हा धडा मात्र त्यातून मिळाला.

एका कामगाराचा घोटा

पाठीतल्या सुईची कथा जर्मनीतील कील या बंदराच्या शहरात सुरू होते आणि तिच्या मुळाशीही पूर्ण भुलीचा धसका घेतलेला रुग्णच आहे. चौतीस वर्षांच्या एका कामगाराच्या घोट्याला क्षयरोगाची बाधा झाली होती. आधीच्या शस्त्रक्रियांत पूर्ण भुलीचा त्याला अतोनात त्रास झालेला. १६ ऑगस्ट १८९८ रोजी शल्यचिकित्सक ऑगस्ट बिअर यांनी त्याच्या कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात कोकेन सोडले. पाय बधिर झाले आणि शस्त्रक्रिया वेदनेविना पार पडली. रुग्णाला नंतर डोकेदुखी झाली. ती कशामुळे, हे कळावे म्हणून बिअर व त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी आठ दिवसांनी हा प्रयोग एकमेकांवरच केला. बधिर झालेल्या नडगीवर लोखंडी हातोडीचे घाव घालून पाहिले. बिअर यांना पुढे कित्येक दिवस डोके वर काढता येईना. आडवे झाले की बरे, उठले की ठणका. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्याने ही डोकेदुखी होते. आज अत्यंत बारीक सुयांमुळे तिचे प्रमाण खूप घटले आहे. ‘पाठीत सुई घेतली की जन्माची कंबरदुखी लागते’ हा समज मात्र घरोघरी कायम आहे आणि त्याला आधार नाही.

कोकेनची जागा पुढे सौम्य औषधांनी घेतली. १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार झाले, १९५७ मध्ये ब्युपिव्हाकेन. आज ‘मणक्यात भूल’ म्हणतात ती बहुतांशी ब्युपिव्हाकेनची, दोन-तीन मिलिलिटरची. बिअर यांच्या रुग्णाप्रमाणे आजही माणूस जागा असतो, श्वास स्वतःच घेतो, खोकतो, बोलतो. फुप्फुसांच्या रुग्णाला हाच मोठा दिलासा आहे.

सुईचेही सापळे

येथवर वाचून पाठीतली सुईच बरी, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. मणक्यातील औषध केवळ वेदनेच्या तंतूंना झोपवीत नाही. रक्तवाहिन्या ताठ ठेवणारे तंतूही त्याने सुस्तावतात. कमरेखालच्या वाहिन्या सैलावतात, रक्त पायांत उतरते आणि रक्तदाब घसरतो. धडधाकट हृदय जोराने चालून ही तूट भरून काढते. ज्याच्या महाधमनीची झडप वयोमानाने घट्ट होऊन अरुंद झाली आहे, त्याचे हृदय कितीही जोर लावला तरी ठराविक रक्तच बाहेर टाकू शकते. रक्तदाब कोसळला की अशा रुग्णाच्या हृदयाच्याच रक्तवाहिन्यांना रक्त पुरत नाही आणि काही मिनिटांत परिस्थिती हाताबाहेर जाते. म्हणूनच झडप फार अरुंद असेल तर एका झटक्यात दिलेली मणक्यातील भूल परंपरेने निषिद्ध मानली गेली आहे. वृद्धाच्या छातीत आवाज ऐकू आल्यावर भूलतज्ज्ञ ‘इको’चा आग्रह धरतो, तो उगाच खर्च वाढविण्यासाठी नव्हे. संधिवाती तापाने झडप आकसलेल्या तरुण गर्भवतींच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. तेथे नाडीचा वेग वाढणेदेखील घातक ठरते.

यावर मार्ग आहेत. औषधाची मात्रा कमी ठेवता येते, मोडलेल्या बाजूपुरतीच बधिरता आणता येते, पाठीत बारीक नळी ठेवून औषध थोडे थोडे चढविता येते आणि दर ठोक्याचा रक्तदाब दाखविणारी सुई मनगटातील धमनीत ठेवून घसरण सुरू होताच औषधाने सावरता येते. हे सारे वेळखाऊ आहे, अनुभव मागणारे आहे. लहान रुग्णालयात रात्री दोन वाजता एकट्या डॉक्टरने करण्याचे हे काम नव्हे.

फुप्फुसांचा सापळा आणखी लपलेला आहे. मणक्यातील भूल छातीपर्यंत चढली तर श्वासपटल चालू राहते, पण पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू ढिले पडतात. जुनाट दम्याचा रुग्ण उच्छ्वास बाहेर ढकलण्यासाठी याच स्नायूंवर विसंबून असतो. त्याचा खोकलाही दुबळा होतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. मानेच्या बाजूने सुई देऊन खांदा व हात बधिर करण्याची पद्धत जुनी आणि परिणामकारक. पण श्वासपटलाला हलविणारी नस तेथूनच शेजारून जाते. नेहमीच्या मात्रेत औषध दिल्यास त्या बाजूचे श्वासपटल जवळजवळ प्रत्येक रुग्णात तात्पुरते लुळे पडते, हे १९९१ मध्ये सोनोग्राफीने दाखविले गेले. फुप्फुसांची क्षमता त्यामुळे सुमारे पाव भागाने घटते. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. ज्याला जिना चढताना तीनदा थांबावे लागते, त्याला मात्र ‘बेशुद्ध न करता’ दिलेली ही भूलच कृत्रिम श्वासयंत्रावर नेऊ शकते. अशा वेळी काखेतून हात बधिर करणे किंवा खांद्याच्या मोजक्या नसांनाच औषध देणे श्रेयस्कर. सारांश, भूल अंशतः आहे की संपूर्ण, यापेक्षा नेमकी कोणती नस, हा प्रश्न मोलाचा.

जेथे ही पद्धत खरी उपकारक ठरते

पंपिंग २५ टक्क्यांवर आलेला मधुमेही आणि त्याच्या पायाला लागलेला सडका घाव, हे प्रादेशिक भुलीचे सर्वांत चांगले क्षेत्र म्हणता येईल. गुडघ्यामागच्या खोबणीत आणि घोट्याभोवतीच्या नसांना औषध दिले की पाऊल बधिर होते. पाठीला हात लावावा लागत नाही, रक्तदाब फारसा हलत नाही आणि श्वास अबाधित राहतो. बोटे किंवा पाऊल काढण्याची वेळ आलेल्या, पण हृदयामुळे नाकारल्या गेलेल्या कित्येकांना ही पद्धत मोठा आधार ठरते. जंतुसंसर्ग रक्तात भिनण्याआधी सडका भाग निघणे हेच त्यांच्या जिवाचे असते.

खुब्याच्या हाडासाठीही नव्या युक्त्या आल्या आहेत. मोडलेल्या पायाने कुशीवर वळणे किंवा बसणे ही यातनाच असते आणि मणक्यात सुई देण्यासाठी तर वळावेच लागते. २०१८ मध्ये वर्णन झालेल्या ‘पेंग’ नावाच्या पद्धतीत खुब्याच्या सांध्याकडे जाणाऱ्या बारीक नसांनाच औषध दिले जाते. पायातील ताकद बरीचशी शाबूत राहते, वेदना ओसरते. ती अपघात विभागातच दिली तर मॉर्फिनसारख्या श्वास मंदावणाऱ्या औषधांची गरजही कमी होते. छाती व बरगड्यांसाठी २०१६ पासून पाठीच्या स्नायूंच्या पडद्याखाली औषध सोडण्याची सोपी पद्धत रूढ झाली आहे. पित्ताशय काढण्यासारख्या पोटाच्या शस्त्रक्रियाही छातीच्या मणक्यांतून अल्प मात्रा देऊन जाग्या रुग्णात करता येतात, असे नेदरलँड्समधील व्हॅन झुंडर्ट यांनी दोन दशकांपूर्वी दाखविले. हे धाडस भारतातही अनेक जण करतात. पण तेथे सुई मज्जारज्जूच्या अगदी समोर येते, हे विसरता कामा नये.

आकडे काय सांगतात

२००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४१ चाचण्यांचा, सुमारे साडेनऊ हजार रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मणक्यातील भुलीने मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे पूर्ण भुलीचे तंत्र आणि देखरेखीची यंत्रे सुधारली आणि ही दरी मिटत गेली. अमेरिका व कॅनडातील १,६०० वृद्धांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर साठ दिवसांत मृत्यू येणे किंवा चालता न येणे याचे प्रमाण मणक्यातील भुलीत १८.५ टक्के, तर पूर्ण भुलीत १८ टक्के आढळले. फरक नाहीच म्हणायचा.

मग इतका खटाटोप कशासाठी? एक तर दोन्हींपैकी एखादी भूल ज्यांना देणे शक्यच नव्हते, ते अशा अभ्यासांत नसतात. आणि या लेखातील आजीसारखे अनेक जण त्याच गटातील. दुसरे, लाभ मृत्यूच्या आकड्यापलीकडेही शोधावा लागतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांतील ९१५ अतिजोखमीच्या रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पूर्ण भुलीबरोबर पाठीत नळी ठेवून वेदनाशमन केले, तेव्हा मृत्यूंत फरक पडला नाही. श्वसन निकामी होण्याचे प्रमाण मात्र ३० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. वेदना नसेल तर माणूस खोल श्वास घेतो, खोकतो, लवकर उठून बसतो. फुप्फुसे यानेच वाचतात.

कायद्याची अडचण

नस नेमकी दिसावी यासाठी सोनोग्राफी यंत्र लागते. १९९४ मध्ये व्हिएन्नातील डॉक्टरांनी मानेखालच्या नसा सोनोग्राफीत पाहून औषध दिले, तेव्हापासून हे तंत्र जगभर पसरले. सुई कोठे आहे हे दिसल्याने औषध कमी लागते आणि ते रक्तवाहिनीत शिरण्याची भीती घटते. ही भीती किरकोळ नव्हे. ब्युपिव्हाकेन रक्तात मिसळले तर हृदय असे थांबते की पुन्हा चालविणे अवघड, याकडे १९७९ मध्ये लक्ष वेधले गेले. स्निग्ध पदार्थाचे पांढरे द्रावण शिरेतून देऊन हा विषार उतरविता येतो, हे १९९८ मध्ये प्रयोगशाळेत आणि २००६ मध्ये माणसात सिद्ध झाले. ते द्रावण शस्त्रक्रियागृहात आहे ना, हे रुग्णाने विचारावे अशी अपेक्षा नाही. रुग्णालयाने ठेवावे, इतकी रास्त आहे.

भारतात मात्र सोनोग्राफी यंत्र गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली येते. नसा पाहण्यासाठी घेतलेल्या यंत्राचीही नोंदणी लागते आणि २०१२ च्या सुधारणेनंतर फिरते यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत मुलींचे प्रमाण किती घसरले होते हे आठवले, म्हणजे या कठोरपणाचे कारण विचारण्याची गरज उरत नाही. परिणाम असा की, दिवसभरात तीन-चार रुग्णालयांत जाणाऱ्या भूलतज्ज्ञाला आपले यंत्र बरोबर नेता येत नाही. ज्या रुग्णालयाकडे नोंदणीकृत यंत्र नाही तेथे नस अंदाजाने शोधावी लागते किंवा रुग्णाला शहराकडे धाडावे लागते.

पिशवीतील कागद

नातेवाइकांच्या हाती असलेली एक गोष्ट मात्र फार मोलाची आहे. ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ चालू आहे का, हे पहिल्याच भेटीत सांगणे. स्टेंटनंतर दिली जाणारी क्लोपिडोग्रेल पोटात असताना मणक्यात सुई दिली तर आत रक्त साकळून पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. त्यासाठी साधारणतः पाच ते सात दिवस आधी ती थांबवावी लागते. नुसत्या ॲस्पिरिनला सहसा अडचण नसते. याउलट स्टेंट नवा असताना हीच गोळी परस्पर बंद केली तर स्टेंटच गच्च होऊ शकतो. म्हणून हा निर्णय घरी व्हायचा नाही. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून तो घ्यायचा असतो. तातडीची शस्त्रक्रिया असेल तर गोळी चालू असतानाही घोट्यासारख्या वरवरच्या नसांना औषध देता येते, हा पर्याय असतोच.

जुन्या ‘इको’चा कागद, स्टेंटची तारीख असलेले कार्ड, श्वासाचे पंप आणि गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून आणली तर भूलतज्ज्ञाचे निम्मे काम तेथेच होते. श्वासाचा पंप शस्त्रक्रियेच्या सकाळीही चुकवायचा नसतो. तीन चेंडूंचे ते फुंकण्याचे-ओढण्याचे यंत्र शस्त्रक्रियेनंतर हातात देण्याऐवजी आधीच देऊन सराव करवून घेतला, तर रुग्णाला ते वापरता तरी येते.

नसेत दिलेल्या औषधाचा अंमल बहुधा आठ ते बारा तास टिकतो. दुपारी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची बधिरता म्हणूनच मध्यरात्रीच्या सुमारास उतरते, तेव्हा वॉर्डात एकच परिचारिका असते आणि नातेवाईक बाकावर झोपलेले असतात. दुखू लागल्यावर नव्हे, बधिरता उतरण्याआधी तासभर वेदनाशामक द्यावे, असे केसपेपरवर वेळेसह लिहून घेतलेले बरे. आणि पाय बधिर आहे तोवर रुग्णाला आधाराविना उठू देऊ नये.